सरांच्या गाडीचा पिकअप

आमच्या सरांचा देवावर विश्वास होता, बायकोवर होता, शाळेच्या घंटेवरसुद्धा थोडाफार होता. नव्हता तो फक्त स्वतःच्या गाडीच्या एक्सलेटरवर. "मॅडम, म्या पाय दाबला. दाबला का न्हाय? आता बघा, गाडी विचार करतीय," हे वाक्य येडशीच्या चढाला रोज ठरलेलं. मला तरी ती गाडी विचार करताना कधी दिसली नाही. पाय दाबला की पुढं जायची बिचारी. पण सरांच्या मते पाय दाबणं आणि गाडी हलणं यांच्यामध्ये एक पोकळी होती, आणि त्या पोकळीत त्यांचं आयुष्य वाया चाललं होतं.

आम्ही तिघं धाराशिवहून वाशीला अप-डाऊन करायचो. सर इतिहासाचे, मी विज्ञानाची आणि तिसरे शाळेचे क्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. गाडी सरांची, डिझेल तिघांचं. पुढच्या सीटवर मी, कारण मला गाडी लागायची. मागच्या सीटवर भाऊसाहेब, कारण त्यांना झोप लागायची. सर दोघांनाही उद्देशून बोलत, आणि उत्तराची वाट बघत नसत.

वाट बघणं हा प्रकारच त्यांच्या पत्रिकेत नव्हता. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ते उत्तर देऊन मोकळे होत, त्यामुळं त्यांची बरीच उत्तरं भलत्याच प्रश्नांची असत. हॉटेलात टेकायच्या आधी चहा सांगत आणि टेकल्याबरोबर "आला न्हाय अजून?" म्हणून विचारत. वर्गात तर सगळा इतिहास त्यांनी गाडीवर आणून ठेवला होता. "निजामाला काय कमी होतं? हिरे होते, माणकं होती, फौज होती. पण वरनं दाबलं की खाली हलायला महिना. ह्याला म्हणत्यात लॅग." पानिपतचा पराभव का झाला, या प्रश्नाला आमच्या शाळेतली पोरं "रिस्पॉन्स उशिरा मिळाला" असं लिहीत आणि सर पैकीच्या पैकी मार्क देत. बोर्डाच्या परीक्षेत त्याच उत्तराला भोपळा मिळाला, तेव्हा सर म्हणाले की बोर्डाला पण लॅग आहे.

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नसे. आमच्या काकू, म्हणजे सरांच्या बायको, तालुक्यातल्या सगळ्यात निवांत बाई. सर उंबऱ्यातून "चहा" म्हणून ओरडले की काकू आधी पदर नीट करत, मग मला बसायला चटई देत, मग माझ्या माहेरची चौकशी करत आणि मग गॅसकडं वळत. "दूध आपल्या टायमालाच वर येतं, मॅडम. ह्यांनी किती का दाबंना," असं म्हणून गालात हसत. सर तोवर अंगणात तीन फेऱ्या मारून आलेले असत.

बरं, एवढी घाई करून काय मिळवायचो आम्ही? आम्ही शाळेत पोचायचो तेव्हा गेटला कुलूप असायचं. शिपाई सायकलवर सावकाश यायचा. तोवर आम्ही तिघं बाभळीखाली उभे, आणि सर शिपायाच्या रिस्पॉन्सवर व्याख्यान देणार. रस्त्यात वाचवलेली सगळी मिनिटं आम्ही त्या बाभळीखाली खर्च केली.

एके दिवशी सरांनी या पोकळीचं मूळ शोधून काढलं. मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ बघून त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. जुन्या गाड्यांना एक्सलेटरपासून इंजिनापर्यंत सरळ तार असायची. पाय दाबला की तार ओढली जायची, मामला रोखठोक. आता तार गेली आणि पायाखाली सेन्सर आला. पाय दाबला की सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर धूर बघतो, डिझेल बघतो, मग इंजिनाला परवानगी देतो. "म्हणजे माझ्या पायाचा अर्ज टेबलावर पडून राहतो, भाऊसाहेब. तुमच्यासारखा कुणीतरी बसलाय आत." भाऊसाहेबांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "सर, अर्जासोबत काय जोडलं होतं का?"

तर सरांनी जोडायची वस्तू मागवली. काडेपेटीएवढी काळी डबी, तिला दोन वायरी आणि एक बटण. एक्सलेटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये ती बसवायची. डबी बसवली त्या दिवशी सरांनी शाळेत पेढे वाटले, तेही कुंथलगिरीचे. मी डब्यातलं माहितीपत्रक वाचलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणं बोलून गेले, "सर, यानं ताकद काही वाढत नाही हो. तुम्ही पाव दाबलं की ही डबी आत जाऊन सांगते, अर्धं दाबलं. इंजिन तेच, फक्त निरोप्या बदलला." आमच्या नणंदबाई अशाच आहेत, म्हणून मला डबीचं काम लगेच कळलं. सर म्हणाले, "तुमी विज्ञानवाल्यांनी देशाचं वाटोळं केलं."

पण माझं बोलणं त्यांना लागलं असावं. कारण पुढच्या रविवारी ते पुण्याला गेले आणि एका दुकानात लॅपटॉप लावून गाडीच्या कॉम्प्युटरची आतली सगळी मांडणीच बदलून आले. या बदलाला ते स्टेज वन म्हणत. आता ताकदसुद्धा वाढली. टर्बो लवकर जागा व्हायला लागला, मागं काळा धूर निघायला लागला, आणि एक्सलेटरला बूट नुसता टेकला तरी गाडी वासरासारखी उधळायला लागली. वाशीच्या बाजारातून पहिल्या गिअरात जायचं म्हणजे शिक्षा. गाडी पुढं उडायची, सर ब्रेक दाबायचे, परत उडायची. भाऊसाहेबांच्या डब्यातलं वरण त्यांच्याच शर्टावर आलं तेव्हा ते झोपायचे बंद झाले. सर मात्र खुलले होते. "पाय आणि गाडी यांच्यात आता तिसरं कुणी न्हाय," असं म्हणून ते माझ्याकडं बघत. मी खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरून बसलेली असे.

मी ती कडी का धरून बसते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच सुमारास मला दिवस गेले होते. तिसऱ्यांदा. आधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी बजावून सांगितलं होतं, दगदग नको आणि धक्के तर नकोतच. पण माझी रजा मागच्या दोन दुखण्यांत संपलेली. एसटीनं जावं तर फाट्यापर्यंत उभं राहायचं आणि पुढं काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घ्यायचं. उरली सरांची गाडी. आणि सांगायची सोय नव्हती, कारण सासूबाईंनी देवापुढं हात ठेवून वदवून घेतलं होतं, पाच महिने पुरे होईस्तोवर कुणाजवळ ब्र काढायचा न्हाय, नजर लागती. मी विज्ञान शिकवते. नजर वगैरे मी मानत नाही. पण दोनदा रिकाम्या हातानं घरी आलेल्या बाईला तुम्ही काय काय मानायला लावू शकता, हे ज्याचं त्यालाच कळतं.

आणि सांगायचं तरी कुणाला? सरांना? सरांना सांगितलेली गोष्ट आणि गावच्या भोंग्यावरून सांगितलेली गोष्ट यात फरक एवढाच, की लाईट गेली की भोंगा बंद पडतो. म्हणून मी निमित्तं काढायची. सर, माझी पाठ दुखतीय, जरा हळू. सरांनी पाठीला उशी आणली. सर, मला चक्कर येतीय. सरांनी लिंबू-मीठ आणलं. गाडी काही हळू झाली नाही. रोज घरी पोचल्यावर मी आधी न्हाणीत जाऊन बघायची, सगळं ठीक आहे ना. ठीक असलं की तिथंच भिंतीला टेकून रडून घ्यायची.

मग ती पूजा आली. सरांचं म्हणणं, इंजिनाचा नवा जन्म झाला, तर नव्या गाडीसारखी परत पूजा पाहिजे. एका शुक्रवारी शाळेला जाताना त्यांनी येरमाळ्याला देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी घेतली. नारळवाल्या मावशीनं बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. सरांच्या हट्टापायी आम्ही दोघं आतच बसून होतो. "माणसं बसलेली असावीत, म्हंजे वजनावर रिस्पॉन्स कळतो," असं त्यांचं शास्त्र. आता लिंबावरून गाडी न्यायची म्हणजे काय, वीतभर पुढं घ्यायची. आपल्याकडं सात वर्षांचं लेकरू पण सांगंल. सरांचा पाय तसा हलकाच पडला. पण डबीनं आत जाऊन जास्तीचं सांगितलं.

लिंबं चिरडली, आणि गाडी मावशीच्या दुकानात घुसली. कुंकवाच्या पराती, हळदीचे ढीग, हिरव्या बांगड्यांचे चुडे, सगळं अंगावर घेऊन गाडी तिथंच बंद पडली. मावशी बाजूला नारळाच्या शेंड्या गोळा करत होती म्हणून वाचली. भाऊसाहेबांचं डोकं माझ्या सीटवर आपटलं. मी पट्ट्यात लटकले आणि पोटावर दोन्ही हात दाबून ओरडले, "सर, पोटात लेकरू हाय माझ्या! मारता का काय त्याला?"

मावशी कंबरेवर हात ठेवून पुढं आली. "मास्तर, लिंबू चिरडायचं असतंय, दुकान न्हाय," एवढं सरांना सुनावून ती माझ्या दाराशी आली, दार उघडलं आणि परातीत उरलेलं कुंकू मला लावलं. "भिऊ नको लेकी. दुखतंय का कुठं? न्हाय ना? मग पाणी पी." मी पाणी प्याले. सरांकडं बघितलं तर ते स्टिअरिंग धरून तसेच बसलेले. वाशीपर्यंत त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. शाळेच्या गेटाशी थांबल्यावर मीच दोघांना म्हणाले, "सर, भाऊसाहेब, पाच महिने व्हायचेत अजून. कुणाला कळू देऊ नका. आमच्या सासूबाईंना वचन दिलंय." भाऊसाहेबांनी मान डोलावली, त्यांची मला काळजी नव्हती. सर खाली बघून म्हणाले, "न्हाय कळणार." मी मनात म्हटलं, झालं, मधल्या सुट्टीपर्यंत मुख्याध्यापक अभिनंदन करायला येतील.

कुणी आलं नाही. मधल्या सुट्टीत नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानंतरही नाही.

त्या रविवारी सर परत पुण्याला गेले. सोमवारी शाळेत जाहीर केलं, "स्टेज टू करून आणली." सगळे मास्तर गाडी बघायला गोळा झाले. मी मात्र गाडीत बसले आणि मला काही उमजेना. रेस दिली तरी गाडी डोहातल्या म्हशीसारखी निवांत हलायची. धूर नाही, धक्का नाही. भाऊसाहेब मागून म्हणाले, "सर, स्टेज टू लई मऊ लागतीय." सर म्हणाले, "उच्च प्रतीचं असंच असतंय, भाऊसाहेब. कळायला अक्कल लागती." येडशीच्या चढाला गाडी विचार करत होती, आणि सर तिला विचार करू देत होते.

खरं काय ते मला काकूंनी सांगितलं. मी त्यांच्याकडं चहाला गेले होते. दूध वर यायची वाट बघता बघता त्या म्हणाल्या, "सगळं काढून आले की हो हे. डबी काढली, कॉम्प्युटर कंपनीनं दिला तसा करून आणला. दुकानवाला म्हणला म्हणं, आजवर काढायला कुणी आलं न्हाय. मला इचारलं तर म्हणले, सारखं वर-खाली करायचं वय न्हाय ऱ्हायलं." काकूंनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि चहात आलं जास्त घातलं. त्यांनी ओळखलं होतं. विचारलं मात्र काहीच नाही.

खरी परीक्षा पुढं होती. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आता रस्त्याची कामं घेतो. गळ्यात साखळी, खाली काळी मोठी गाडी. सरांनी इतके दिवस तालुक्याला ऐकवलेल्या बढाया त्यानं सगळ्या साठवून ठेवल्या होत्या. सरमकुंडी फाट्यावर आम्ही चहाला थांबलो होतो, तिथं तो चार मित्र घेऊन आला. "सर, स्टेज टू ऐकतोय. येरमाळ्यापर्यंत लावायची का?" हॉटेलातले सगळे वळून बघायला लागले. आमच्याच शाळेची आठ-दहा पोरं बाकड्यावर बसलेली. सर म्हणाले, "आज न्हाय." तो हसून म्हणाला, "कवा? परवा उसाची ट्रॉली तुमच्या पुढं गेली म्हणं. ही स्टेज टू रिव्हर्सची हाय का, सर?" हॉटेल हसलं. पोरं पण हसली. सरांची मान लालबुंद झाली.

एक शब्द बोलले असते तरी सुटले असते. गाडीत बाईमाणूस आहे, अवघडलेलं आहे, एवढं म्हणाले असते तर तोच पोरगा पाया पडला असता. पाच महिन्यांना थोडेच दिवस उरले होते. माझ्याच्यानं राहवेना, मी बोलायला उठले. तर सर म्हणाले, "मॅडम, गाडीत बसा. ऊन हाय." आणि स्वतःचा चहा अर्धा टाकून निघाले. त्या दिवसापासून पोरं त्यांना बैलगाडी सर म्हणायला लागली. फळ्यावर बैलगाडी काढून ठेवत. सर ती पुसत आणि तारीख लिहीत. त्या दिवशी गाडीत बसून मी तोंड खिडकीकडं केलं, कारण डोळे भरून आले होते. माझ्या सख्ख्या भावानंसुद्धा माझ्यासाठी एवढी बेअब्रू सोसली नसती, हे मी आज लिहून देते.

पाचवा महिना पुरा झाला आणि सासूबाईंनीच गल्लीभर सांगितलं. मी शाळेत पेढे वाटले. म्हटलं, आता तरी सर त्या पोराला ऐकवतील. कुठलं काय. मीच विचारलं, "सर, आता सांगा की सगळ्यांना. तुमचं नाव उगाच खराब झालं." सर म्हणाले, "आता सांगितलं तर निमित्त वाटंल, मॅडम. आणि सवय झालीय." त्यांचा इतिहास मात्र बदलला. पानिपतला घाई नडली, असं ते नववीला सांगायला लागले. दहावीची पोरं बिचारी दोन्ही उत्तरं लिहायला लागली.

बाळंतपणाला मी माहेरी माकणीला गेले. पोरगी झाली. दिवस भरून, अंगानं चांगली, आणि आवाज असा की धरणापलीकडं ऐकू जावा. तिचं पहिलं रडणं ऐकलं तेव्हा मी आईला सांगितलं, रडू दे तिला, गप करू नको. आधीच्या दोन वेळेला हाच आवाज मी ऐकला नव्हता.

बारसं झाल्यावर आम्हाला धाराशिवला न्यायला सर स्वतः आले, शेजारी काकू. आमच्या घरी दुचाकीच आहे, त्यामुळं आमच्या मालकांनी, म्हणजे पोरीच्या वडिलांनी, सासूबाईंसोबत दारात थांबायचं ठरलं. माझे वडील सरांना म्हणाले, "मास्तर, तुमची गाडी लई पळती म्हणत्यात. लेकरू हाय, जपून." सर "व्हय" म्हणाले. पुढं रस्त्यावर ट्रॅक्टर आमच्या पुढं गेले, मोपेडवरचे म्हातारे पुढं गेले, एक शेळ्यांचा कळप बराच वेळ बरोबरीनं चालला. मधे म्हशी आडव्या आल्या म्हणून गाडी थांबली, आणि माझ्या मांडीवरची पोरगी जागी होऊन टाहो फोडायला लागली. गाडी हलली की परत झोपली. पुढं दुसऱ्यांदा थांबलो, पुन्हा तेच. सरांनी आरशातून बघितलं आणि मान हलवली.

दुपार कलता आम्ही आमच्या गल्लीत आलो. दारात रांगोळी होती. सासूबाई एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरतुकडा घेऊन उभ्या, शेजारीपाजारी गोळा झालेले. पोरगी गाढ झोपेत होती, ओठ हलत होते. गाडी दारापुढं आली आणि तशीच पुढं गेली.

मी म्हटलं, "सर, घर मागं राहिलं."

"म्हाईत हाय. झोपलीय ती."

काकू म्हणाल्या, "अवो, मग काय रात्रभर फिरता का? थांबा की."

"थांबलं की उठती. बघितलं न्हाय का तू? झोप होऊ दे तिची."

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडं तोंड उघडं ठेवून बघितलं. आम्ही गल्लीच्या टोकाला वळसा घालून परत आलो. सासूबाई पुढं सरसावल्या. गाडी पुन्हा दारावरून पुढं गेली. तिसऱ्या फेरीला अख्खी गल्ली बाहेर आली होती आणि मालक हातवारे करत होते. सर समोर बघत, पाय एक्सलेटरवर नुसता टेकवून, कुठंही पोचायची घाई नसलेल्या माणसासारखे गाडी चालवत होते. शेवटी सासूबाईंनीच निकाल लावला. त्या रस्त्यात उतरल्या, चालत्या गाडीच्या खिडकीतून हात आत घातला आणि नातीवरून भाकरतुकडा ओवाळायला लागल्या. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना घरातल्या घरात भिंत धरून चालावं लागतं. त्या दिवशी त्या पार कोपऱ्यापर्यंत आमच्या गाडीबरोबर चालत आल्या, आणि त्यांना दमसुद्धा लागला नाही.